मोहनीराज मास्तरांचं नाव

मोहनीराज मास्तरांविषयी मला जे नक्की माहीत आहे ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढच्या गोंधळाला मोकळी जागा मिळेल. ते नेवाशाचे. जातीने सोनार, पण वडिलांची हत्यारं धाकट्या भावाकडे गेली आणि यांच्या हातात पेन्सिल आली. नगरला आमच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. उंच, काटकुळे, धोतर, वर तपकिरी कोट, डोक्यावर काळी टोपी. तिशी ओलांडलेली, लग्न व्हायचं होतं. चहा बशीतून पीत. उजव्या हाताने चित्र काढत आणि डाव्या हाताने खोडत, आणि डावा हात जास्त चाले. एवढं पक्कं. याखेरीज त्यांच्याबद्दल काहीही सांगायला गेलं की ते त्यांच्या नावापाशी सुरू होतं आणि तिथेच अडकतं.

मी त्याच शाळेच्या बोर्डिंगची मेट्रन. कुणाची ताटली, कुणाची सतरंजी, शनिवारी कुणाचं न्हाणं, खरूज कुणाला आणि मलम कुणाकडे, अशा याद्या करणं हे माझं काम होतं आणि खरं सांगायचं तर माझं सुखही तेच होतं. यादीत बसलेली वस्तू हरवत नाही. मास्तर मात्र कुठल्याही यादीत बसल्यावर थोडे बाहेर उरत.

ते रुजू झाले त्या दिवशी दुपारच्या जेवणासाठी मी त्यांचं नाव विचारलं.

"मोहनीराज," ते म्हणाले.

मी लिहिलं. ते तसेच उभे.

"आणखी काही, मास्तर?"

"तुम्ही अर्थ विचारला नाहीत."

"जेवायला अर्थ लागत नाही."

"सगळे विचारतात," ते म्हणाले. चेहरा इतका पडला की मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. देवांनी आणि दैत्यांनी मिळून समुद्र घुसळला. अमृत निघालं. निघाल्यावर भांडण लागलं. तेव्हा विष्णूने मोहिनी नावाच्या सुंदर बाईचं रूप घेतलं, दोन्ही पक्षांना रांगा धरून बसवलं आणि वाढायला घेतलं. देवांच्या रांगेत अमृत वाढलं आणि दैत्यांच्या रांगेत नुसतं हसून दाखवलं. हे सगळं घडलं ते नेवाशाला, प्रवरेच्या काठी. म्हणून तिथे त्या रूपाचं देऊळ आहे, आणि त्या देवाचं नाव मोहनीराज.

"म्हणजे देवी," मी म्हटलं.

"नाही, राज आहे ना पुढे."

"म्हणजे देव."

"पण मोहिनी आहे ना आधी."

"मग लिहू काय?"

"मोहनीराजच लिहा," ते म्हणाले. तोवर तव्यावरची भाकरी करपली होती.

मी ख्रिस्ती. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा नाव मात्र बदललं नाही. यमाजी म्हणून जन्मले, यमाजी म्हणूनच देवळाच्या म्हणजे आमच्या चर्चच्या आवारात पुरले गेले. माझं सगुणा हे नावही त्यांनीच ठेवलेलं, आणि त्याचा अर्थ मला कुणी कधी विचारला नाही. त्यामुळे एखादा माणूस स्वतःच्या नावात असा घर करून राहतो, त्यातल्या खोल्या लोकांना दाखवत फिरतो, हे मला नवीन होतं.

त्यातून पंचाईत अशी की खोल्या दर वेळी वेगळ्या निघत. मला त्यांनी विष्णू सांगितला. आमच्या मुख्य बाई, ज्यांना सगळे मिससाहेब म्हणत, त्यांना त्यांनी सांगितलं की मोहनीराज ही म्हाळसादेवीच, खंडोबाची बायको. मुलींना सांगितलं की जो सगळ्यांना मोहवतो तो राजा. त्यावर मुली तोंडाला पदर लावून इतकं हसल्या की तो तास तिथेच संपला. मिससाहेब अमेरिकेच्या, पण मराठी स्वच्छ बोलत. त्या एकदा मला म्हणाल्या, "मेट्रनबाई, हे नाव पुरुषाचं की स्त्रीचं?"

"मास्तरांचं आहे," मी म्हटलं.

"ते मला दिसतं आहे," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

मी एकदा सरळ मास्तरांनाच गाठलं. यातलं खरं कोणतं ते एकदा ठरवा, म्हटलं. ते खडू झटकत म्हणाले, "बाई, मी थापा मारत नाही. ज्या दिवशी जे पटतं ते सांगतो. मलाच रोज तेच पटत नाही, त्याला मी काय करू?"

युद्धाची वर्षं होती. किल्ल्याकडचा रस्ता बंद असे, आत मोठे पुढारी कैदेत होते, आणि बाहेर आम्ही रेशनच्या लाल ज्वारीतले खडे वेचत होतो. अशातच एक दिवस मास्तर मुलींना घेऊन मुळा नदीकाठी चित्रं काढायला राहुरीला निघाले. डबे सांभाळायला मी आणि लहान मुली सांभाळायला ट्रेनिंगच्या वर्गातली म्हाळसा.

म्हाळसा तिकडचीच, राहुरीजवळच्या खेड्यातली. बुटकी, सावळी, झपझप चालणारी. शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला आमच्या बोर्डिंगात राहायची. ती कमी बोले, पण बोलली की समोरच्याला थोडा वेळ काही सुचत नसे.

राहुरी स्टेशनवर उतरल्याबरोबर मास्तरांनी मुलींना ओळीत उभं केलं. "तर हे ते राहूचं गाव. अमृत वाढलं नेवाशाला. राहू हा दैत्य, पण वेष पालटून देवांच्या रांगेत जाऊन बसला. त्याच्या तोंडात अमृत पडलं आणि सूर्य-चंद्रांनी चुगली केली. लगेच चक्र सुटलं. मुंडकं उडालं ते इथे पडलं. म्हणून राहुरी."

मुली इकडेतिकडे बघायला लागल्या, मुंडकं अजून तिथे असावं तशा. म्हाळसा म्हणाली, "मास्तर, पण त्याचं चुकलं काय?"

"तो देवांच्या रांगेत बसला."

"भूक लागली असंल. समुद्र तर त्यांनीबी घुसळला होता ना?"

"घुसळला होता."

"मग रांगा कुणी लावल्या?"

मास्तरांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "मोहिनीने."

"म्हणजे तुम्हीच," म्हाळसा म्हणाली आणि एका लहानगीचा फ्रॉक सरळ करायला वाकली.

त्या दिवशी मास्तरांनी नदीचं एकही चित्र काढलं नाही. काठावर बसून खडे पाण्यात टाकत राहिले. परत येताना गाडीत मला म्हणाले, "बाई, हे मला कुणी म्हटलंच नव्हतं. माझ्या नावाचा देव पंक्तिप्रपंच करतो. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही. आपल्याकडे यासारखं पाप नाही."

"देवाचं कारण वेगळं असेल," मी म्हटलं.

"कारण असतंच. पंक्तिप्रपंच करणाऱ्याला कारण नसतं का कधी?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मास्तर बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहायला लागले. वाढायला हवंय म्हणाले. मी नको म्हटलं. पुरुषमाणूस आणि मुलींची पंगत. पण मिससाहेबांनीच परवानगी दिली, त्यांना गंमत वाटली असावी. मास्तरांनी आमटीचा डाव हातात घेतला की वेळ जाई. भांडं ढवळून तळाची डाळ वर आणायची, मग एक डाव. पुन्हा ढवळायचं, पुन्हा एक डाव. कुणाच्या वाटीत डाळ आणि कुणाच्या वाटीत पाणी असं होऊ द्यायचं नाही. शेवटच्या मुलीपर्यंत पोचेतो पहिल्या मुलींचं जेवण उरकलेलं असे आणि आमटी गार झालेली असे. मी ओरडले की म्हणत, "गार चालेल, बाई. कमीजास्त चालणार नाही."

म्हाळसा हे बघत होती. मला ते नंतर कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात म्हाळसाचे वडील मला भेटायला आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. तेही सोनारच, स्वतःच्या खेड्यात दुकान असलेले. पागोटं काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "मेट्रनबाई, तुमच्या चित्राच्या मास्तरचं स्थळ आलंय. मानूस कसा हाय?"

मला असे प्रश्न आवडतात. मी सांगितलं: व्यसन नाही, तब्येत बरी, उलट उत्तर नाही, मुलींशी वागणं स्वच्छ, कपडे स्वतः धुतात.

"खोड?"

"बोलतात फार. पण एकाच गोष्टीवर."

"कशावर?"

"नावावर."

"कुनाच्या?"

"स्वतःच्या."

आप्पांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. म्हाळसाला विचारलं तर ती मला म्हणाली, "गोंधळलेलं माणूस बरं असतं, बाई. सगळं ठाऊक असलेलं एक आमच्या घरात आहे." आणि वडिलांच्या पागोट्याकडे बघून हसली. हा तिचा होकार होता. मास्तरांना मी तो कळवला तेव्हा ते फळ्यावर कमळ काढत होते. त्या दिवशी ते त्यांनी खोडलं नाही.

सुपारी फुटायच्या आधी मात्र कोंडाबाई आल्या. या म्हाळसाच्या आत्या, आप्पांच्या थोरल्या बहीण. रुंद हाडाच्या, पांढऱ्या कपाळाच्या. मास्तर, आप्पा आणि मी बोर्डिंगच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी बसता बसताच सुरुवात केली.

"बाई, माझं नाव कोंडा. आईची पोरं जगंनात, म्हनून मला जल्मल्याबरोबर शेजारनीला कोंड्यावर इकली आन् पुन्ना घेतली. नाव कोंडा ठेवलं, म्हंजी मरनाला वाटावं, ह्यो तर भुसा, ह्येला काय न्यायचं. मी जगले. आमच्या म्हाळसाच्या टायमाला बी तसंच. हिच्या आधीची दोन गेली. मी म्हनलं, भुसा नगं आता, देवीचंच नाव देऊ. म्हाळसाईला नवस बोलले. पाळन्यात घालून हिच्या कानात नाव मी सांगितलं. मरंस्तवर ह्येच नाव राहील, बदलनार न्हाई, असा नवस हाय."

आमच्या इकडे लग्नात नवरीचं नाव बदलण्याची रीत. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. मास्तर लगेच म्हणाले, "मी नाही बदलणार. म्हाळसाच राहील."

"बरं. तुमचं नाव काय?"

"मोहनीराज."

"नेवाशाचं?"

"हो."

कोंडाबाई आप्पांकडे वळल्या. "आरं, ह्ये तर म्हाळसाच की."

इथे मास्तरांनी गप्प बसायचं होतं. माझा पाय त्यांच्या पायापर्यंत पोचत नव्हता, नाहीतर दाबला असता. ते उत्साहाने पुढे सरकले. "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मोहिनीवर शंकर भुलला, तेव्हा तिने त्याला वचन दिलं, आणि तीच पुढे नेवाशाला म्हाळसा होऊन जन्मली, आणि शंकर खंडोबा झाला. असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे पाहायला गेलं तर मी आणि तुमची भाची एकच."

"आयकलंस?" कोंडाबाई आप्पांना म्हणाल्या. "ह्येंच्याच तोंडनं आलं. ह्ये लगीन म्हंजी बाईचं बाईशी."

"अगं, ह्ये बाप्ये हायत की," आप्पा म्हणाले.

"मानूस बाप्या हाय. नावाचं काय?"

 मी म्हटलं, वाद घालण्यापेक्षा प्रत्यक्ष बघून या. देव देवळात आहे, देऊळ नेवाशात आहे, मोटार रविवारी जाते. माझ्या मते गोष्ट साधी होती.

तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत. मागे शेगडी बांधलेली, चढ आला की उतारूंनी उतरायचं. काळी तोंडं घेऊन आम्ही नेवाशाला पोचलो. ते तिघे आत गेले. मी पायऱ्यांवर बसले. मला कुणी अडवलं नव्हतं, पण चपला सांभाळायला कोणीतरी हवं होतं.

बराच वेळ लागला. आधी कोंडाबाई बाहेर आल्या. "नाकात नथ हाय. मी सोता बघितली. देवी हाय."

मागून आप्पा. "हातात चक्र हाय. बाई कुठं चक्र घेती?"

"आन् भवानी काय लाटनं घिऊन उभी हाय व्हय?"

"शेजारी लक्षुमी हाय. बाईच्या शेजारी बायकू कशाला ठेवतील?"

"भैन आसंल."

पुजारी पाठोपाठ आले होते. मी त्यांना विचारलं. ते हसून म्हणाले, "राजा म्हणा, आई म्हणा, रागवत नाही." त्यांचं समाधान झालं होतं, पण आमच्या प्रश्नाचा निकाल त्यातून लागत नव्हता. सगळ्यांत शेवटी मास्तर आले, टोपी हातात धरून. त्यांचं मत मी विचारलं.

"लहानपणापासून बघतो आहे, बाई," ते म्हणाले. "आज पहिल्यांदाच वाटलं की त्याने एकदा तरी काय ते सांगावं."

परत निघालो. इमामपूरच्या घाटाला उतरून आम्ही सगळे मागून चालत होतो, तेव्हा मास्तर धापा टाकत म्हणाले, "मुलीचं नाव बदलता येत नाही. मग माझं बदलू."

आप्पा थांबले. "बाप्याचं कुठं बदलत्यात?"

"बदलत नाहीत. पण बदलू नये असंही कुठे सांगितलेलं नाही."

 चढ संपल्यावर मोटारीत बसताना कोंडाबाई म्हणाल्या, "दत्तात्रय ठेवा. त्येला कुनाचं काय म्हननं नसतंय."

अशा रीतीने मास्तर दत्तात्रय झाले. त्यांनी ते मनावर घेतलं. मुहूर्ताला अवकाश होता, तोवर सवय व्हावी म्हणून त्यांनी सगळ्यांना त्याच नावाने बोलवायला सांगितलं. मी यादीत खोडून दुरुस्ती केली. मुली आठवणीने दत्तात्रय मास्तर म्हणत आणि मास्तर ओ देत नसत. मग कोणी चुकून मोहनीराज म्हणालं की मान वळे आणि लगेच सावरून परत फिरे. एका नव्या मुलीने त्यांना नावाचा अर्थ विचारला. मी हातातलं काम ठेवलं, आता तासभर गेला म्हणून. ते म्हणाले, "तीन देव मिळून एक. दत्त. ठाऊक आहे ना?"

"हो."

"झालं तर मग."

ते वाढायला येत, पण आमटी ढवळायचं त्यांना आठवत नसे. फळ्यावर काढलेलं खोडेनासे झाले. जसं येईल तसं ठेवत. माणूस सुटसुटीत झाला होता. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं.

म्हाळसा एक दिवस माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, मी होकार दिला ते कुठं गेले?"

"इथेच आहेत की. नाव तेवढं बदललं."

"तुम्ही त्यांच्याशी बोललात अलीकडं?"

"बोलते रोज."

"मग तुम्हालाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला ह्या दत्तात्रयाशी लगीन करायचं नाही. तसं आप्पांना कळवते. पण आधी आत्याला बोलवा. मला तिला एक विचारायचंय."

कोंडाबाई आल्या. दुपारची वेळ होती, मी आणि म्हाळसा ज्वारी निवडत होतो. त्यांना रिकामं बसवेना, त्यांनीही एक सूप ओढून घेतलं. म्हाळसाने मान वर न करता विचारलं, "आत्या, देव-देवीचं राहू दे. तुला नेमकं काय नको आहे?"

कोंडाबाई खडे वेचत राहिल्या. मग मलाच म्हणाल्या, "बाई, तुमच्यात नवऱ्याचं नाव घेत्यात का?"

"सहसा नाही. पण घेतलं तर कुणी मारत नाही."

"आमच्यात घेत न्हाईत. आमच्या मानसाचं नाव..." त्या थांबल्या. नाव आलंच नाही. म्हाळसानेच सांगितलं, "खंडू."

"आमचं कुलदैवत कोन? त्योच. चंपाषष्ठीला समदी देवाचं नाव घिऊन तळी उचलत्यात. ताट धरून समद्यांच्यात मी बी हुबी, पन तोंड मिटून. लगीन झाल्यापास्नं देवाचं नाव घेतलं न्हाई मी. कुनी म्हनलं, मल्हारी म्हन. आता मल्हारी काय आन् दुसरा काय, त्यो त्योच की. मी आपली 'आपला देव' म्हनायची. माझं पोरगं तापानं फनफनलं हुतं, तवा देवाला हाक मारायला बसले. 'आपल्या देवा, आपल्या देवा.' आता आसं कुनी बी म्हनंल. कोन वळंल त्याला? पोरगं गेलं. आता धनी जाऊन वरसं झाली. आता नाव घेतलं तर कोन इचारनार हाय? पन जीभच वळत न्हाई."

मी सूप खाली ठेवलं. म्हाळसाचे हात थांबले होते.

"हिला तिच्या देवीनं राखली," कोंडाबाई म्हणाल्या. "त्या देवीचंच नाव नवऱ्याला. म्हंजी हिनं देवीचं नाव घ्यायचं न्हाई. म्हाळसा न् मोहनी एकच म्हनल्यावर सोताचं बी घ्यायचं न्हाई. मग येळ आली तर हिनं हाक कुनाला मारायची?"

 कोंबडी सांडलेले दाणे टिपायला ओसरीवर चढली, तिला कुणी हाकलली नाही.

मग म्हाळसा म्हणाली, "मी नाव घेईन."

"उखान्यात समद्याच घेत्यात."

"उखाण्यात नाही. एरवी. हाक मारल्यासारखं. मोहनीराज."

कोंडाबाईंनी चटकन मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. शाळेचा शिपाई तेवढा झाडाखाली झोपला होता.

"पुन्ना म्हन," त्या म्हणाल्या.

"मोहनीराज."

"लगीन झाल्यावर बी?"

"झाल्यावर बी."

मास्तरांना वर्गातून बोलावलं. हाताला रंग तसाच. कोंडाबाईंनी अट सांगितली: ही तुमचं नाव घेणार, तुमच्या तोंडावर, चारचौघांत, जवा वाटंल तवा, आणि तुम्ही तिला कधी अडवायचं नाही.

मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "कोणतं नाव? दत्तात्रय की..."

"दत्तात्रय गेले," म्हाळसा म्हणाली. ती त्यांच्याशी समोरासमोर बोललेली मी तेव्हा दुसऱ्यांदाच पाहिली.

"घ्या," मास्तर म्हणाले. "मला चालेल. चालेल काय..."  त्यांनी टोपी सरळ केली आणि तिला निळा रंग लागला.

मला मात्र हिशेब लागत नव्हता. मास्तर गेल्यावर मी कोंडाबाईंना विचारलं, "पण मग ते बाईचं बाईशी लग्न म्हणत होता, त्याचं काय झालं?"

"त्ये हायच की," त्या सूप पाखडत म्हणाल्या. "त्याला काय करायचं?"

आप्पांनी बराच त्रागा केला. लोक काय म्हणतील, पोरगी नवऱ्याला नावाने हाक मारते म्हटल्यावर दुकानाच्या पायरीला कुणी चढेल का, असं सगळं. कोंडाबाई म्हणाल्या, मी चढंन. लग्न आप्पांच्याच खेड्यात झालं. ताटात तांदूळ पसरले, मास्तरांनी अंगठी हातात घेतली आणि म्हाळसा हीच अक्षरं लिहिली. आधी एकदा मोडून परत लिहिली, मग काना जरा वाकडा वाटला म्हणून पुन्हा. भटजी म्हणाले, अहो, नाव तेच आहे, कितीदा लिहिता. मास्तर म्हणाले, तेच आहे, पण मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

लग्नानंतर त्यांनी आमची शाळा सोडली. मनमाडच्या बाजूला कुठेशी दोघांनाही एकाच शाळेत जागा मिळाली. मी त्यांचं नाव जेवणाच्या यादीतून काढलं. खोडण्याआधी त्या नावाशेजारी स्त्री की पुरुष ते लिहून ठेवावं म्हणून पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मोहनीराज देव की देवी, म्हाळसा आणि तो एक की दोन, आणि एक असतील तर त्यांचा संसार कुणाचा कुणाशी चालला आहे, यातलं मला काहीही कळलेलं नाही. नंतर दोनतीन जाणत्या माणसांना विचारून पाहिलं, तर त्यांनी आणखी दोनतीन गोष्टी सांगितल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या हिवाळ्यात. मी मनमाडहून नगरला परत येत होते. राहुरीला गाडी थांबली. समोरच्या बाजूला उलट दिशेच्या गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत टोपीसकट मास्तर. एका हमालाला ते काहीतरी सांगत होते. दोन्ही हात ताक घुसळल्यासारखे मागेपुढे होत होते, म्हणजे गोष्ट समुद्रापर्यंत आली होती. हमाल डोक्यावरची ट्रंक खाली न ठेवता ऐकत होता.

म्हाळसा लांब, पाण्याच्या नळापाशी होती. कडेवर वर्षाचं मूल, हातात तांब्या. त्यांची गाडी दिसायला लागली होती.

"अहो," तिने हाक मारली.

चारपाच पुरुष वळले. मास्तर त्यांत नव्हते.

"अहो, गाडी आली."

आणखी दोघे वळले. एकाने तर सामानही उचललं. मास्तरांचे हात चाललेलेच.

तिने मूल सावरलं, तांब्या खाली ठेवला, आणि भर फलाटावर, मोकळ्या गळ्याने हाक मारली, "मोहनीराज."

 माझ्या डब्यातल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. "अगं बया, कुनाला हाक मारती ही?"

"नवऱ्याला," मी म्हटलं.

"नवऱ्याचं नाव बाईचं हाय व्हय?"

 तेवढ्यात आमची गाडी हलली. मी खिडकीतून वाकून बघितलं. मास्तर वळले होते, हमालाला मागे टाकून तिच्याकडे निघालेही होते, चांगली लांब लांब पावलं टाकत. आता तिने हाक मारायचं काही कारण नव्हतं. तरी तिने आणखी एकदा मारली.